अनिवासी, साधारण

ताळगावच्या शाखेत, काउंटर तीन.
पंधरा दिवसांत ती चौथ्यांदा आली.
पहिल्यांदा बोनाफाइड नव्हतं,
दुसऱ्यांदा होतं, पण शिक्का पुसट,
तिसऱ्यांदा सर्व्हर.

आज सगळं आहे. पासपोर्ट, व्हिसा,
परदेशी नोंदणीचा कागद, घडीवर फाटलेला,
आणि इश्मेनिया बायचा भाडेकरार,
ज्यात खोलीबरोबर अंगणातले माडही मोजलेत.
अनामत चेकनेच हवी, असं बायच्या मुलाचं म्हणणं.
चेक खात्याशिवाय नाही,
खातं कराराशिवाय नाही.
महिनाभर हे असं फिरत राहिलं.
शेवटी बायच म्हणाली म्हणे,
"पयशे मागीर दी गो, पयलीं सही कर."

नाव दुल्से आमेलिया मुइयांगा.
गाव इन्यांबाने, मोझांबिक.
फॉर्मवर चौकटी तीन,
स्वतःचं, वडलांचं, आडनाव.
आमेलिया कोण?
मावशी, ती म्हणाली. फी तिनेच भरली.
मी वडलांच्या चौकटीत मावशी बसवली.
सिस्टिमने काही विचारलं नाही.

खात्याचा प्रकार यादीतून निवडायचा असतो.
तिला लागू पडतो एकच,
अनिवासी, साधारण.
मी तो तिला वाचून दाखवला,
इंग्रजीत तरी बरा वाटेल म्हणून इंग्रजीतही.
रोज सकाळी ती
समुद्रतळाचा चिखल चाळणीवर धुते
आणि भिंगाखाली शंख मोजते,
मोहरीहून बारीक, हजारो वर्षांपूर्वीचे.
कोणत्या गाड्यावरचं रस-ऑम्लेट डोळ्यांत पाणी आणत नाही
हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.
मी वाळपईहून येते, वाळपईला परतते,
मी निवासी.

सही पासपोर्टसारखीच हवी.
पासपोर्टवरची सतराव्या वर्षीची,
'डी'ला लांब शेपूट, खाली दोन ठिपके.
आता तिची सही सरळ झालीय, घाईची.
काउंटरवरचं पेन दोरीला बांधलेलं, शाई सुकलेली,
म्हणून मी माझं दिलं.
भरणा स्लिपच्या मागे तिने सहा वेळा
ती सतरा वर्षांची मुलगी काढून पाहिली.
सातव्यांदा जमली.

तेवढ्यात आतून रोहिदास ओरडला, "चावी खंय?"
ती वळली. चावी?
हवेत कुलूप उघडून दाखवलं.
हो, म्हटलं, तीच.
मग तिने साबण म्हटलं, जवळजवळ,
मी बादली, ती पाव, मी काजू.
कोणाच्या खाती जमा, कोणाच्या नावे,
ताळा लागेना.
मागे पेन्शनवाले कुंकळ्येकर दोनदा खोकले.
मी घाईत म्हटलं, पगार.
ती हसली. आमच्याकडे पगार म्हणजे देणं.
आमच्याकडे मिळणं, मी म्हटलं,
एक तारखेला.
कुंकळ्येकर म्हणाले, "मेळटा खंय?"
हे मात्र तिला सांगता आलं नाही.

वारसाच्या रकान्यात तिने आईचं नाव लिहिलं
आणि पत्त्यात
जेट्टीच्या रस्त्याला, निळ्या टाकीसमोर.
घर क्रमांक अनिवार्य, लाल अक्षरांत.
मी एक घातला.
देवा, ऑडिटला ही फाइल नको लागू दे.

प्रिंटर कुरकुरला. पासबुकावर पहिली ओळ,
रोख, एक हजार.
तिने ती ओळ बोटाने पुसून पाहिली,
राहते का.
कार्ड सात दिवसांत, मी म्हटलं,
सातला आमच्याकडे बारा म्हणतात
हे नाही सांगितलं.

संध्याकाळी पणजी स्टँडवर, कदंबात चढताना,
तिकिटामागे आकडा टिपायला पर्स उघडली.
पेन तिच्याकडेच गेलं.
माझ्या पेनाला दोरी नव्हती.