कोट, रात्री साडेअकरा

हलमध्ये, जुन्या कोर्सासाठी
स्वस्त विमा शोधत बसलेय.
'स्वयंपाकी' लिहिलं : आठशे बारा पौंड.
'केटरिंग मॅनेजर' लिहून पाहिलं : सातशे चाळीस.
हात तेच. बोटांना कांद्याचा वासही तोच.

गाडी रात्री कुठे असते?
रस्त्यावर.
पलीकडच्या गल्लीत राहत असते
तर नव्वद कमी.
मध्ये फक्त एक चिप्सचं दुकान.

खाली न विचारताच टिक केलेले चौकोन :
किल्ली हरवली तर,
काच तडकली तर,
परदेशात बंद पडलात तर.
पहिले दोन लगेच काढले.
तिसऱ्यावर जरा थांबले.

शेवटी 'स्वयंपाकी'च ठेवलं.
खोटं लिहून घेतलेला विमा
ऐन वेळी ओळख देत नाही,
हेमांगी म्हणाली होती.
बर्फावर घसरलेल्या व्हॅनचे हप्ते
अजून फेडतेय ती.