कुणाच्या पाठीचं माप

काराकोलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, हीटरला पाय टेकवून
बेगिमायनं प्रोग्राम बिल्ड केला. एकही एरर नाही.
लॅपटॉपवर चालवला: पाण्याची पातळी, तापमान, सगळं चोख.

टोक्तोसून मामा कार्ड घेऊन दीड दिवस घोडीवर,
हिमनदीखालच्या तळ्यापर्यंत.
खांबावर तळहाताएवढा बोर्ड, निम्मा बर्फात.
कार्ड घातलं. लाल दिवा.
मग सोंडेवर चढून, रेंज शोधून, फोन:
"तुझं पोर इथं तोंडच उघडत नाही गं."

ती फाइल उघडते. चाळीस ओळी, बरीचशी खोगीरभरती,
आणि टार्गेटची जागा रिकामी.
कंपायलर विचारत बसत नाही.
सांगितलं नाही, तर ज्या यंत्रात तो बसलाय
तेच त्याचं अख्खं जग.

मामा खोगीर करतात, चाळीस वर्षं.
गिऱ्हाईक आलं की चहाच्याही आधी:
कुणाच्या पाठीवर जायचंय?
घोडा वरच्या कुरणात असेल तर
दारातल्या घोड्यावर माप घेतलंय कधी?
हे ती लहानपणापासून ऐकते.
ऐकते, एवढंच.

ती ओळ भरते: एआरएम, बत्तीस बिट,
बोर्डावरच्या जुन्या लिनक्सला जुळेल असं.
पुन्हा बिल्ड. लॅपटॉपवर चालवून पाहते.
चालत नाही.
तिला हसू येतं. बरोबर आहे,
तू इथला नाहीसच.

तिसऱ्या दिवशी मामा अंगणात उतरतात.
एक शब्द नाही.
आधी घोडीची पाठ चोळतात, नीट, दोन्ही बाजूंनी,
मग पाकिटासाठी हात पुढे.