पंचवीस ग्रॅम

जांभळी नाक्यावर, जिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात,
तिथे बाबांचं दुकान होतं. रुंदी साडेचार फूट.
पाटी : भार्गव पांचाळ, तराजू दुरुस्त करून मिळतील.
आत ऐरण, दोन कानशी, शिशाची पळी
आणि आढ्याला लटकलेले काटे.
दार उघडलं की सगळे एकदम हलायचे,
मग एकेक करत गप्प.

शाळा सुटल्यावर मी तिथे बसायचे.
ठाणं मला आधी वजनाने कळलं, नकाशाने फार नंतर.
मिठागराचं मीठ मचव्यातून यायचं, ओलं,
म्हणून मोजण्याआधी भांडण.
मुरबाडचा तांदूळ पायलीने, वर शीग लावून,
आणि शीग बोटाने मोडली की पुन्हा भांडण.
शालोम चिंचोलकरांचं तेल पळीपळीने,
शनिवारी मात्र फळ्या लावलेल्या.
शुक्रवारी विसरलात तर रविवारपर्यंत कोरडी भाकर.
चेंदणीची जैवंती तराजूच ठेवायची नाही.
वाटे लावायची, आणि बाबांना चिडवायची,
"म्हावऱ्याला काटं काय कमी हायेत?"

मग किलो आला.
सरकारी माणसाने पेठेतले शेर, अच्छेर, पावशेर
गोणीत भरून नेले. गोणी फाटली,
एक शेर उतारावरून गडगडत पार तळ्याच्या कठड्यापर्यंत गेला,
त्याच्यामागे पोरं, पोरांमागे शिपाई.
अख्खा बाजार हसला.
त्या संध्याकाळी मात्र कुणालाच कळेना
तळहातावर किलो केवढा वाटायला हवा.

त्याच वर्षी एक दुकानदार रात्री घरी आला.
(नाव सांगत नाही. नातू भला माणूस आहे.)
नवंकोरं किलोचं वजन पंचात गुंडाळलेलं.
आतल्या खोलीत माझा भाऊ टायफॉइडने तापलेला,
आई कपाळावरची पट्टी बदलत होती
आणि मुद्दाम बाहेर बघत नव्हती.
बाबांनी वजन उलटं केलं,
शिक्क्याची टिकली अलगद उचलली, नखासारखी,
खालचं शिसं कोरलं, लाख भरली,
टिकली परत बसवली.
कंदिलाची वात तेवढ्या वेळात एकदाच वर केली.

भाऊ वाचला.
पुढे अकरा वर्षं आमचा तांदूळ त्याच दुकानातून आला.
जवळची तीन दुकानं सोडून, बाबा स्वतः जायचे,
त्याच वजनाने मोजून घ्यायचे,
एक शब्द न बोलता.
आई विचारायची नाही. मूठभर पाणी कमी घालायची.

दुकान आवरताना खिळ्यांच्या डब्यात ते सापडलं :
शिशाचा तुकडा, वाकडा, चिंचोक्याएवढा.
रुमालात बांधून मी भाजीबाजारात गेले,
सुलभा भोईरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला.
लाल आकडे जरा चाचपडले, मग थांबले.
पंचवीस.
मी डोक्यातच हिशेब सुरू केला :
रोजची गिऱ्हाइकं किती, वर्षं किती,
आणि चौथ्या गुणाकाराशी सोडून दिला.

मागे रांग वाढत होती.
सुलभाने तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"मावशी, एवढ्याचं काय देऊ?"

म्हटलं, आलं दे.
तिने तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला,
आल्याचं एक बोट पारड्यात टाकलं,
आणि आकडा न बघताच
वर अजून एक.