मांडीवरचं तिकीट

एकतीस वर्षं एसटीत सांगत आलो :
मांडीवरच्या लेकराला तिकीट नाही, मावशी,
बसा निवांत.
गारगोटी, राधानगरी, गगनबावडा,
कुठल्याच घाटात मी बाळाचे पैसे घेतले नाहीत.

आणि हे हैदराबादचं विमान.
जुईचे सोळाशे पन्नास, वर कर.
सीट नाही.
नावापुढं सीटच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.
मग पैसे कशाचे, मी विचारलं.
शर्वरी म्हणाली, "रडण्याचे असतील, पप्पा."

जन्माच्या दाखल्यावर अजून नाव नव्हतं,
नुसतं 'मुलगी' होतं.
नाव घालायला महापालिकेत रांगेत उभा राहिलो
आणि मागच्या माणसाला उगाच सांगितलं,
नात विमानानं चालली.
तो मयताच्या दाखल्यासाठी आला होता.
तरी म्हणाला, "चांगलं हाय की."

घरभर दुपटी.
हिनं बॅगेत घातलं वेखंड, जायफळ, हळकुंड,
धुरीची वाटी, काजळाची डबी,
आणि बाळगुटीची सहाण, जिच्यावर शर्वरीची गुटी उगाळली,
तिच्या आधी हिची स्वतःची.
मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याकडून
हुकाचा काटा मागून आणला.
बॅग टांगली. सतरा किलो. दोन जास्त.
सहाण काढली.
रात्री पाणी प्यायला उठलो तर सहाण परत आत,
आणि शर्वरीच्या चपलांचे दोन जोड बाहेर.
कुणी कुणाला काही बोललं नाही.

काटा परत करायच्या आधी
दुपट्याची झोळी करून जुईलाही टांगलं,
खाली माझे दोन्ही हात.
सहा किलो दोनशे.
हे वजन कुठल्याच बॅगेत धरत नाहीत म्हणे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
चढताना पाजत राहा, उतरताना पाजत राहा,
गिळत राहिलं की कान दुखत नाहीत.
मंदारनं फोनवर सांगितलं, बाळाचं पाणी नेऊ देतात, घाबरू नका.
घाबरलंय कोण?
पण आवाजाचं काय?
म्हणून रविवारी दस्तगीरची रिक्षा केली,
उजळाईवाडीला कुंपणाच्या बाहेर जाऊन थांबलो.
दस्तगीरनं इंजिन बंद केलं, विडी पेटवली,
जुईकडं बघून लगेच विझवली.
उसाच्या शेंड्यांवरून ते वर आलं,
पंख्यांचं, वाटलं त्यापेक्षा लहान,
आणि आवाज असा, जणू डेपोतल्या सगळ्या गाड्या
एकदम सुरू केल्यात.
जुई झोपेत ओठ चोखत राहिली.
दचकलो तो मी.
मी अजून बसलेलो नाही त्यात.

रडलीच तर एक उपाय आहे माझ्याकडं,
पण तो विमानात चालत नाही.
माझा तिकिटाचा पंच.
मशीन आलं तेव्हा जमा करायचा होता, केला नाही.
तो नुसता दाबत राहिलो, टिक टिक टिक,
की ही रडता रडता थांबते,
डोळे मोठे करून कुठला स्टॉप आला ते बघते.
शर्वरी म्हणाली, लोखंड आहे, तपासणीत काढून घेतील,
आणि तुमचा जीव जाईल.
खरं आहे.

मग काल दुपारी
आतल्या खोलीचं दार लावून घेतलं,
फोन उशीवर ठेवला, पंच जवळ धरला.
दोन मिनिटं अकरा सेकंद.
शर्वरीला पाठवलं, ती स्वयंपाकघरातच होती.
ऐकून तिनं तोंड फिरवलं, भाजी हलवत राहिली.
मध्ये कुकरची शिट्टी आली आहे,
हिचं खोकणं आलं आहे,
आणि अगदी शेवटी, पुसायला सांगितलं तर पुसेना ती,
माझाच आवाज, सवयीनं निघालेला :
चला, पुढं सरका, पुढं जागा आहे.