नमुन्याचा पासपोर्ट

आमच्या बियाणे-पेढीत प्रत्येक नमुन्याचा पासपोर्ट असतो.
असंच म्हणतात त्याला, मी विनोद करत नाही.
पीक : भात. स्थानिक नाव : कोरगूट. गाव : जुवें.
अक्षांश, रेखांश.
समुद्रसपाटीपासून उंची —
इथे माझं पेन अडलं,
कारण बांधापलीकडची खाडी
शेतापेक्षा वर दिसत होती.

क्वितेरिया फुर्ताद हसली :
"उंचाय कित्याक? भरतेक येऊन पळय."

मग माळ्यावरून तिनं मुडी उतरवली,
पेंढ्याचा घट्ट गोळा, नारळाएवढ्या गाठीचा.
गाठ दातांनी सोडली.
कुसळाचं जाड भात माझ्या ताटलीत ओतताना
हात आखडला नाही, पण नजर मापावर होती.

बियाणं कुणाकडून मिळालं?
तर मानशीचं दार फुटलं त्या वर्षी
कुंभारजुव्याच्या एका माणसाकडून, दोन पायली,
बदल्यात सुके बांगडे.
त्या माणसाचं नाव तिला आठवेना. बांगडे आठवत होते.
फॉर्मवर चारच चौकटी : शेत, खळं, बाजार, कोठार.
मी खळ्यावर खूण केली.

"बियांकूय पासपोर्ट?" ती म्हणाली.
तिचा लाझार आजोबांच्या जन्मदाखल्यावर
पोर्तुगालचा पासपोर्ट काढून
स्विंडनच्या गोदामात खोकी उचलतो.
"मागीर तें परत कशें येतलें?"

येईल, मी म्हणालो. मागाल तेव्हा येईल.
सरकारी माणूस म्हणतो तसं.

वाळवून, मोजून, चंदेरी पाकिटात सील करून
मी ते उणे अठरा अंशांत ठेवलं.
खण सातवा, रांग तिसरी.
त्या खोलीत जाताना आम्ही गोव्यातली माणसं
मे महिन्यातसुद्धा लोकरी टोपी घालतो.

चार वर्षांनी ती दोन बस बदलून आली.
बार्जांच्या लाटांनी बांध पोखरला होता,
कुणीतरी मासळीसाठी दार उघडं ठेवलं होतं,
कुणी, ते गावात सगळ्यांना माहीत होतं.
दोन हंगाम शेतात खारं पाणी.
मुडी रिकामी.

मी अर्ज भरून घेतला, सही घेतली.
नियमाप्रमाणे पन्नास ग्रॅम.
तिनं पाकीट फाडलं,
दाणे तळहातावर घेतले, गार होते अजून.
मला वाटलं, कमी आहेत म्हणून भांडेल.

"चार वर्सां हें हांगा न्हिदिल्लें?"
हो.
"मागीर ताका खबर ना."

कशाची खबर, ते तिनं सांगितलं नाही.
मिठाची. शेतात राहिलं असतं
तर दर वर्षी थोडं थोडं शिकलं असतं,
मेलं असतं त्यातलं बरंच, पण उरलेलं शिकलं असतं.
हेच समजवायला आमच्या प्रशिक्षणात
एका साहेबांनी चाळीस स्लाइड दाखवल्या होत्या,
आणि जेवणानंतरचा तास असल्यानं
मी झोपलो होतो.

दिवाळीनंतर कचेरीच्या दारात
बिस्किटांचा डबा. आत मूठ-दीड मूठ भात,
वर चर्चच्या पावतीमागे देवनागरीत, बहुतेक शेजारच्या पोराच्या अक्षरात :
तीन वाट्यांतली एक वांचली. हें दवर.

परतफेडीला आमच्याकडे रकाना नाही.
जुन्या पाकिटात मिसळता येत नाही,
ते आता तेच भात नाही.
म्हणून नवा क्रमांक, नवा पासपोर्ट.
पीक : भात. नाव : कोरगूट. गाव : जुवें.
लाझारचं विचारायला हवं होतं, डबा परत करताना विचारेन.

शेरा या रकान्यात लिहिलं : जाऊन आलेलं.
उंचीच्या रकान्यात : उणे एक मीटर.
कॉम्प्युटरनं नाकारलं.
मी पुन्हा लिहिलं.