मान खाली घालून

आधी मी समोरच्या दारांनी गेले.
नवीपेठेतली काचेची दुकानं,
वही छातीशी धरलेली.
गल्ल्यावरचा माणूस पानं उलटायचा
नोटा मोजतात तशी, बोटाला थुंकी लावून,
आणि म्हणायचा, छान आहे हो,
पण माल सुरतेहून येतो, नक्षी त्यातच असते.
केळ्याबरोबर साल येते की नाही? तसं.

पत्रिका छापणाऱ्या नारखेड्यांना
अकरा गणपती हवे होते, उद्यापर्यंत.
पैशांचं विचारलं तर म्हणाले,
नाव होईल ना तुमचं.
नाव होतंच माझं.
लीना वासुदेव फेगडे,
वहीच्या पहिल्या पानावर, नंबरासकट.

मग सवय लागली वस्तू उलटी करून बघायची.
बिबड्यांच्या पाकिटाची मागची शिवण,
केळीच्या खोक्याचा तळ,
मिरचीच्या पिशवीच्या कडेला
मुंगीएवढ्या अक्षरांत कारखान्याचं नाव, गट नंबर, फोन.
समोर असतो तो विकणारा.
नक्षी ज्याला लागते तो तळाशी असतो, बारीक टायपात.
किराणा दुकानात उभ्या उभ्या उतरवून घेतलं.
दुकानदाराला वाटलं, मी तारीख तपासते,
त्यानं पाकीट बदलून दिलं.

अठ्ठावीस नंबर. सहा बंद.
एका ठिकाणी फॅक्स किंचाळला कानात.
एका आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं
आणि विचारलं, लग्न झालं का बाई तुझं?

नशिराबादला मावशीच्या दिराची गंधमुक्ती होती.
अशा वेळी मान खाली घालून बसायचं असतं.
मी घातली. खाली चटई होती,
हिरवी, प्लॅस्टिकची, मोरांची,
आणि प्रत्येक मोराची मान
जिथं नक्षी संपून पुन्हा सुरू होते
तिथं तुटलेली.
डोकं इकडे, धड वीतभर तिकडे,
दाराच्या उंबऱ्यापर्यंत रांगच्या रांग.
बायका रडत होत्या. मी घरं मोजत होते.
शेजारची म्हणाली, काय पाहून राह्यली वं एवढी?
मी पदरानं डोळे पुसल्यासारखं केलं
आणि चटईचा कोपरा उलटला.
तलरेजा मॅट, एमआयडीसी, जळगाव.

त्या रात्री आलेखाच्या कागदावर
मोर उतरवून घेतला, घर घर करत.
तीन घरांचा फरक निघाला.
फक्त तीन.
दोन डावीकडे सरकवली, एक वर,
मान लागली.
दोन्ही फोटो पाठवले, तुटका आणि जोडलेला,
खाली एवढंच:
तुमच्या चटईत मोराची मान तुटते. आता तुटणार नाही.
शिक्षण लिहिलं नाही. नमस्कारही राहिला.

दोन निळ्या खुणा. नऊ दिवस काही नाही.
दहाव्या दिवशी, मी कपडे वाळत घालत असताना,
'गर्दन तुम्ही जोडली काय?'

कारखान्यात माग एवढे कडकडतात
की दाताचं भरलेलं सिमेंट हलावं.
आकडा मी घरी आरशासमोर म्हणून पाहिला होता,
हळू, जरा लाजत.
इथं तो ओरडावा लागला,
आणि ओरडलेला आकडा मागे घेता येत नाही.
तलरेजा शेठनी त्यातले सहाशे कापले.
पैसे चाळीस दिवसांनी म्हणाले.
तीन नमुने हवेत, पण गुलाबाचे,
मोर आता चालत नाही, मोर बंद केला.

केला तर केला. मी गुलाब लिहून घेतला.
बारा पाकळ्या, दोन रंग, जोड दिसता कामा नये.

चहा आला. प्याले.
रिकामी बशी उलटी धरली उजेडाकडे,
तळाला निळ्या शाईत, अर्धं घासून गेलेलं,
कुठलंसं गाव, कुणाचंसं नाव.
शेठ म्हणाले, तडा गेला काय?
नाही, म्हटलं,
आणि वहीचं मागचं पान शोधू लागले.