अंगठा

साकोलीच्या पोरगेल्या डॉक्टरीणबाईनं
गोळी दिलीच नाही.
म्हणाली, हात लांब करा, अंगठा उभा,
नजर नखावर,
आणि मान हलवा, नाही नाही, वीस वेळा.
मग हो हो. वीस.

चक्कर आली तर?
यायलाच पाहिजे, म्हणाली, थोडी थोडी.

बावीस वर्षं पोलवर चढलो,
वादळात कमरेला पट्टा बांधून
गावोगावचा उजेड जोडला,
आणि आता खाटेवरून उठताना
कवेलू फिरतात,
फुलवंताचं तोंड
पाण्यात पडल्यासारखं हलतं.

कानात म्हणे पाणसळ असते,
गवंड्याजवळ असते तशी.
माझी डावी बिघडली.

रोज सकाळी भिंतीच्या कोपऱ्यात उभा,
पाय जुळवून, डोळे मिटून,
मास्तरनं शिक्षा केल्यासारखा.
मान हलवू लागलो की हिवराज कुंपणावरून विचारतो,
"कोणाले नाही म्हणून रायले, वायरमन?"

सहाव्या आठवड्यात धुऱ्यावर गेलो.
दोन्हीकडे बांध्या, ताजी रोवणी.
बोटांपुढे टाच, टाचेपुढे काही नाही.
फुलवंता मागे, हात न लावता;
लावला तर ओरडेन, तिला माहीत.
नऊ. दहा. अकरा.
बाराव्याला पाय गेला चिखलात, पोटरीपर्यंत.
ती हसली.
"चार धानं मोडले ना जी."

वर पाहिलं तर
धुऱ्याच्या टोकाचा खांब तिरपा.
थांबलो. श्वास घेतला.
अंगठा समोर धरून
एक डोळा मिटून पाहिलं.

खांबच कलला आहे.
सबस्टेशनला फोन करावा लागेल.